गोठ्यात अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की आतल्या पानावर एक बातमी दरवर्षी येते. गोठ्यात विजेचा धक्का लागून दोन म्हशी दगावल्या, कधी त्यांना सोडवायला धावलेला घरधनीही गेला. कारण म्हणून ‘शॉर्टसर्किट’ असं छापलेलं असतं. खरं तर शॉर्टसर्किट झालं असतं तर एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) त्याच क्षणी पडली असती आणि जनावर वाचलं असतं. जनावर मारते ती गळती, म्हणजे तारेतून लोखंडात किंवा जमिनीत उतरलेली वीज. तिच्यात एमसीबी पडत नाही, घरातले दिवे तसेच चालू राहतात, आणि गोठ्यातला लोखंडी खांब मात्र जिवंत तार होऊन बसतो. आपल्या बातमीदारांनी पुढच्या वेळी ‘घरच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी डबी, होती का’ एवढा एक प्रश्न विचारून उत्तर छापलं, तरी पुष्कळ वाचकांचे डोळे उघडतील. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची असते, महावितरणची नाही. म्हणून हे पत्र थेट शेतकऱ्यांसाठी आणि गावोगावच्या वायरमन मित्रांसाठी लिहीत आहोत.

गोठ्याला वीज बहुतेक ठिकाणी कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या एखाद्या बोर्डाच्या सॉकेटमधून दोन तारांची वायर निघते, कडुलिंबाच्या फांदीला वळसा घालते, पत्र्याच्या कडेला ठेवलेल्या फटीतून आत शिरते आणि आडव्या पाइपाला सुतळीने बांधली जाते. तिसरी तार नसतेच. पत्रा वाऱ्याने हलतो, त्याची धार वायरच्या कातडीवर वर्षभर घासत राहते, आणि कडब्यातले उंदीर उरलेलं काम करतात. उन्हाळ्यात सगळं कोरडं असतं म्हणून निभावतं. पहिल्या पावसात पत्रा, खांब, गव्हाणीचा पाइप, साखळी आणि ओली जमीन अशी सलग वाट तयार होते. पत्र्याच्या शेडला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असेल तर ती वाट अंगणापर्यंत पोचते. ही तार शेडला कधीच बांधू नये. तिथे नायलॉनची दोरी वापरावी.

आता अर्थिंगकडे येऊ. खड्डा घेतला, पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, आता भीती नाही, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. हिशेब करून पाहू. मुरमाड जमिनीत गोठ्याच्या अर्थिंगचा रोध ३० ओहम आला तरी लोक खूश असतात. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचे ५ धरले तर एकूण ३५. मोटारीच्या बॉडीला फेज टेकली तर २३० भागिले ३५, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जाईल. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी हमखास झटक्यात पडायला १६० अँपिअर लागतात. साडेसहावर ती जन्मात पडणार नाही. तेवढा वेळ बॉडीवर जवळजवळ १९७ व्होल्ट उभे राहतात. एमसीबीच्या भरवशावर राहायचं तर डीपीपासून गोठ्यापर्यंतचा सगळा रोध दीड ओहमच्याही खाली हवा. दख्खनच्या खडकात ते विसरा.

‘बल्ब लावून बघितला, लख्ख लागला, अर्थिंग पक्कं आहे’ ही दुसरी फसवणूक. १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध पेटल्यावर ५३० ओहम असतो. अर्थिंगचे ५० ओहम त्याच्या मागे आले तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. अर्थिंग मोजायचं तर अर्थ टेस्टर लागतो, आणि मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, जमीन सुकलेली असताना. पावसाळ्यात घेतलेला आकडा हा जमिनीच्या ओलीचा आकडा असतो.

माणसापेक्षा जनावराला धोका मोठा का, हेही समजून घ्यावं. आपले दोन पाय जवळ असतात, पायात चप्पल असते. गाईच्या पुढच्या आणि मागच्या खुरांत दीड मीटरच्या आसपास अंतर असतं, खुरं शेणामुताने ओली असतात, आणि पुढून मागे जाणारा प्रवाह छातीतूनच जातो. म्हणून वीज उतरलेल्या भागावर टिकून राहणारा स्पर्शाचा दाब (व्होल्टेज) माणसासाठी ५० व्होल्टपर्यंत चालवून घेतात, तो जनावरांच्या जागी २५ व्होल्टच धरतात. मरण्याइतका धक्का नसला तरी त्रास असतोच. पाण्याच्या टाकीत तीन-चार व्होल्ट उतरले तर गाय टाकीला तोंड लावायला बिचकते आणि धारेला पान्हा चोरते. डॉक्टर येतो, औषध देतो, दूध काही वाढत नाही. अशा वेळी मल्टिमीटरने टाकी आणि ओली जमीन यांच्यात मोजून पाहावं.

यावर उपाय एकच, आरसीसीबी. दुकानात अजून ‘ईएलसीबी’ म्हणून मागतात, चालेल, पण डब्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं हवं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे ती सतत तोलत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत आणि फरक १५० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त असेल तर ०.०४ सेकंदात वीज तोडते. धक्का बसणारच नाही असा याचा अर्थ नाही. बसेल, पण लगेच सुटेल. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे अर्थिंग १०० ओहमचं असलं तरी बॉडीवर टिकून राहणारा दाब ३ व्होल्टच्या वर जात नाही, कारण त्याआधीच ती पडते. ज्या मुरमात एमसीबी कायमची हतबल, त्याच मुरमात दीड-दोन हजार रुपयांची ही डबी काम करते. अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांनी धरले तर तिला काही कळत नाही, आणि जादा भारापासूनही ती वाचवत नाही. म्हणून तिच्याबरोबर एमसीबी हवीच, आणि तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा एमसीबी मोठी नको. २५ अँपिअरची आरसीसीबी, तिच्यामागे २० किंवा २५ ची दोन पोलची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी एमसीबी, हा जोड गोठ्याला पुरतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी घेऊ नये, इलेक्ट्रोमेकॅनिकल घ्यावी. न्यूट्रल तुटला तरी ती काम करते. गोठ्यात इन्व्हर्टर किंवा व्हीएफडीसारखं (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) काही असेल तर साध्या ‘एसी’ ऐवजी निदान ‘ए’ प्रकारची.

ती कुठे बसवायची, यावर वायरमन मंडळींत वाद होतात. आमचं म्हणणं असं की पैसे एकाच आरसीसीबीपुरते असतील तर ती घराकडच्या टोकाला बसवावी. गोठ्यात बसवली तर गोठा सुरक्षित होतो, पण घर ते गोठा हा केबलचा सगळा तुकडा उघडा राहतो, आणि कुदळ लागते ती त्याच तुकड्याला. शिवाय गोठ्यातला अमोनिया आणि कडब्याची धूळ आतल्या यंत्रणेला खातात. दोन परवडत असतील तर घरी १०० मिलिअँपिअरची उशिरा पडणारी, म्हणजे डबीवर एस अक्षर असलेली, आणि गोठ्यात ३० ची. म्हणजे गोठ्यातल्या गळतीने घरात अंधार होत नाही. दोन्हीकडे ३० च्या लावल्या तर कोणती आधी पडेल याचा नेम नाही. धोका नाही, कटकट आहे.

आता ज्या मुद्द्यावर जाणते लोकही चुकतात तो. घराचं अर्थिंग तिसऱ्या तारेने गोठ्यात न्यायचं की नाही? घरातल्या सगळ्या सर्किटांवर आरसीसीबी असेल तर जरूर न्यावं, आणि गोठ्याजवळच्या स्वतंत्र अर्थिंगला जोडावं. पण घरात आरसीसीबी नसेल तर ही तिसरी तारच घात करते. घरातल्या फ्रीजच्या किंवा गिझरच्या बॉडीवर फेज आली की एमसीबी पडत नाही, आणि ते दीड-दोनशे व्होल्ट अर्थच्या तारेतून थेट गव्हाणीच्या पाइपावर जातात. घरातली माणसं चप्पल घालून कोरड्या फरशीवर असतात, त्यांना साधी झिणझिणी जाणवते. तिकडे गोठ्यात ओल्यात बांधलेलं जनावर पडतं. अशा घरात एक तर आधी घरच्या मेनवर आरसीसीबी बसवावी, नाही तर गोठ्याचं अर्थिंग पूर्ण वेगळं ठेवावं. केबलचं लोखंडी चिलखत फक्त घराच्या टोकाला अर्थ करावं आणि गोठ्याच्या टोकाला ते प्लॅस्टिकच्या डब्यात कापून टेप लावून मोकळं सोडावं. अर्धवट जोडणी मात्र नको, कारण मग काय कशाला जोडलं आहे हे पाच वर्षांनी येणाऱ्या वायरमनला कळत नाही. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावं.

गोठ्याचं अर्थिंग म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाचा अडीच मीटर लांब जीआय पाइप, खालच्या भागाला भोकं पाडलेला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोक पाळतात ती गोष्ट म्हणजे जागा. गळती होते तेव्हा पाइपाच्या लगतच्या जमिनीवर दर पावलागणिक दाब बदलतो, म्हणून जनावरं उभी राहतात किंवा पाण्याला जातात तिथून हा खड्डा तीन-चार मीटर तरी दूर हवा. गोमूत्राची नाली जवळून जाते, आपोआप ओल राहील, असं म्हणून गोठ्याच्या कडेलाच खड्डा घेणं ही नको ती हुशारी. खाली खडक लागला तर खोल जाण्याचा हट्ट सोडून अर्धा-पाऊण मीटर खोल चर घ्यावा आणि त्यात जीआय पट्टी आडवी पुरावी. पट्टी जितकी लांब तितका रोध कमी.

यापुढचं काम बाँडिंगचं. गोठ्यातलं एकूण एक लोखंड, म्हणजे खांब, छताच्या कैच्या, गव्हाणीचा पाइप, साखळ्यांच्या कड्या, पाण्याची लोखंडी टाकी, नळाचा पाइप, २५ बाय ३ मिलिमीटरच्या जीआय पट्टीने एकमेकांना जोडायचं आणि पट्टी गोठ्याच्या अर्थिंगला न्यायची. सगळ्या लोखंडावर एकच दाब असेल तर दोन लोखंडांमध्ये जनावर अडकून धक्का बसत नाही. पण गाईचं तोंड साखळीला आणि पाय जमिनीवर असतात, म्हणून जमीनही त्याच दाबावर आणावी लागते. नवा कोबा घालणार असाल तर हीच वेळ आहे. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतला सहा गुरांचा गोठा ७.७ बाय ३.५ मीटरचा, म्हणजे २७ चौरस मीटर. तेवढी तीन मिलिमीटर तारेची, सहा इंची चौकटीची वेल्डमेश जाळी कोब्यात पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटरवर घालावी, तुकडे एकमेकांना वेल्ड करावेत, आणि जाळीचे दोन कोपरे पट्टीला वेल्डिंगने जोडावेत. तारेने बांधलेला सांधा शेणामुतात दोन वर्षांत गंजून सुटतो. काँक्रीट ओतून झाल्यावर यातलं काहीच करता येत नाही. जुन्या गोठ्यात रबरी मॅट टाकावी. तिने धोका जात नाही, थोडा कमी होतो एवढंच.

केबल किती जाड घ्यावी? गोठ्यातला मोठा भार म्हणजे कडबाकुट्टी. २ एचपीची सिंगल फेज मोटार चालताना १०-१२ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर ५०-६०. घरापासून गोठा ४० मीटर धरला तर जाऊन-येऊन ८० मीटर तार झाली. तांब्याच्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत तिचा रोध जवळजवळ एक ओहम. संध्याकाळी घरातच २०० व्होल्ट असतात, त्यातले ५० सुरुवातीच्या झटक्यात वायरीतच जिरले, मोटारीपाशी उरले १५०. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ती निम्म्याहून कमी जोरावर उठू पाहते, घुरघुरते, कपॅसिटर उडतो, वाइंडिंग जळतं, आणि दोष कंपनीला दिला जातो. ४ स्क्वेअर एमएम तांब्यात तोच रोध ०.३७ ओहमवर येतो आणि सुरुवातीची घट २० व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून ४० मीटरपर्यंत ४ स्क्वेअर, ६०-७० मीटरला ६ स्क्वेअर. अॅल्युमिनियम घ्यायचं तर एक पायरी वर चढून ६ किंवा १०, आणि टोकाला बायमेटॅलिक लग (तांबं-अॅल्युमिनियम जोडणारं टोपण). अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टर्मिनलमध्ये नुसती पिळून घातली तर ओलीत सांध्यावर पांढरी भुकटी धरते, सांधा तापतो, आणि कडब्याच्या गंजीला आग लागायला तेवढं पुरे. बोअरच्या पंपाची चपटी केबल स्वस्तात उरलेली असते म्हणून ती ओढली जाते. ती पाण्यात चांगली असते. उन्हात तिचं वरचं आवरण तडकतं आणि जमिनीत घूस ती खाते.

शक्य तिथे केबल जमिनीतूनच न्यावी. तीन कोअरची, आर्मर्ड, सलग एका तुकड्याची. मधला सांधा पावसात पहिला दगा देतो, म्हणून ४० मीटरला ४६ मीटर केबल मागवावी. दोन्ही टोकांना चढ आणि एकेक सैल वेटोळं यात ती जाते. काळ्या मातीत हे वेटोळं जास्तच हवं, कारण उन्हाळ्यात भेगा पडताना माती केबलला ओढते. चर पाऊण मीटर खोल, एक फूट रुंद. त्याहून उथळ गेलात तर ट्रॅक्टरचा नांगर एक दिवस केबल वर काढतो. तळाला ८ सेंटिमीटर वाळू, वर केबल, पुन्हा ८ सेंटिमीटर वाळू, मग लांबीने ठेवलेल्या विटांची ओळ, मग माती. ४० मीटरला वाळू पाऊण ब्रास आणि विटा पावणेदोनशे लागतात. मातीचा निम्मा भराव झाल्यावर लाल-पिवळी इशारापट्टी टाकावी. गाडीवाटेखालून जाताना केबल जाड एचडीपीई पाइपात घालून मीटरभर खोल न्यावी. केबल कुठून गेली याचा भिंतीपासून मोजून काढलेला साधा नकाशा बोर्डात ठेवला तर पुढची कुदळ वाचते. वरूनच न्यायची असेल तर झाडाला बांधू नये. दोन्हीकडे खांब, ताणासाठी वेगळी जीआय तार, तिला मध्ये अंड्याच्या आकाराचं इन्सुलेटर, आणि उंची अशी की कडब्याने भरलेली ट्रॉली खालून निघून जाईल.

गोठ्याचा बोर्ड गोठ्याच्या आत नको. बाहेरच्या भिंतीवर, पन्हाळीच्या आडोशाला, जनावराचं शिंग आणि लहान मूल दोन्ही पोचणार नाही अशा उंचीवर, आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न शिरणारा) प्लॅस्टिकचा डबा. केबल खालून ग्लँडमधून आत घ्यावी. वरून भोक पाडलं की पाणी केबलच्या अंगावरून घरंगळत थेट टर्मिनलवर येतं. आत दोन पोलचा आयसोलेटर (हाताने बंद करायचा मुख्य स्विच) किंवा आरसीसीबी, दिव्यांना ६ अँपिअरची एमसीबी आणि दीड स्क्वेअरची वायर, कुट्टीला १६ ची सी प्रकारची आणि अडीच स्क्वेअर, सॉकेटला आणखी एक १६ ची. दिवे बंद काचेचे किंवा बंद एलईडी पट्टीचे, गंजीपासून लांब. पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी बूच आणि पुढे पीव्हीसी पाइप. सॉकेटमध्ये उघड्या तारा काड्यांनी खोचून मोटार चालवणं आणि बादलीत हीटरची कांडी टाकून गोठ्यातच पाणी तापवणं, ही दोन्ही कामं मुळीच करू नयेत.

कडबाकुट्टीला पियानो स्विच लावू नये, स्टार्टर लावावा. भारनियमनात किंवा फॉल्टमध्ये वीज गेली की माणूस अडकलेली पेंढी काढायला तोंडात हात घालतो, आणि तेवढ्यात वीज येते. स्विच चालूच असतो, कुट्टी फिरू लागते. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल वीज गेली की सोडते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय पकडत नाही. लाल बटण कुट्टी चालवणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात असावं, भिंतीच्या पलीकडे नव्हे. मोटार रिकामी सुरू करावी, वैरण नंतर घालावी.

एका प्रकाराबद्दल कडक शब्दांत लिहायला हवं. शेतीपंपाच्या लाइनवरून एक फेज घ्यायची आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेली सळई वापरायची, की बल्ब लागतो. यात गळती हा बिघाड राहतच नाही, ती सळई दिवा चालू असेपर्यंत जमिनीत प्रवाह सोडत असते. सळईचा सांधा सुटला तर सुटलेल्या तारेवर पूर्ण २३० व्होल्ट. ओल्या जमिनीत तिच्याजवळ आलेलं जनावर पडतं आणि जवळ जाणारा माणूसही. हे बेकायदा तर आहेच. ज्यांच्या वस्तीवर असं आहे त्यांनी आजच सळई उपटण्याआधी वरची फेज बंद करावी, उलट क्रमाने नाही. तसंच रानडुकरांसाठी झटका मशीन असेल तर तिचं अर्थिंग गोठ्याच्या किंवा घराच्या अर्थिंगपासून कमीत कमी १० मीटर दूर आणि पूर्ण वेगळं.

ज्यांना गोठ्यात फक्त रात्री दिवा हवा आहे, मोटार नाही, त्यांनी २३० व्होल्ट तिकडे नेऊच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टची बॅटरी, लहान सौर पॅनेल आणि २० वॉटचे एलईडी दिवे यात सहा गुरांचा गोठा उजळतो. घरून नेलं तरी चालेल. घराकडे चांगल्या प्रतीचा १२ व्होल्टचा विलग अडॅप्टर, मध्ये अडीच स्क्वेअरची वायर. २५ मीटरवर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट घटतो. त्या वायरीला उंदीर लागला तर दिवा जाईल, म्हैस जाणार नाही.

काम झाल्यावर वीज सोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) फेज आणि न्यूट्रल अर्थशी तपासावेत. एक मेगओहमच्या खाली आलं तर कुठेतरी ओल किंवा खरचटलेली वायर आहे, नवी केबल याच्या कितीतरी पट दाखवते. मग फेज खरोखर स्विचमधून जाते का ते बघावं. प्लगची उलटापालट झालेली असली तर स्विच बंद करूनही होल्डरमध्ये फेज उभी असते. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण, आणि ते पुढे दर महिन्याला. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून किंवा तारतंत्र्याकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा. भार वाढत असेल तर तो उपविभागात मंजूर करून घ्यावा.

राहिला तो सगळ्यात मोठा रोग. आरसीसीबी पावसात सारखी पडते म्हणून ती काढून टाकली जाते किंवा तिच्यावरून तार टाकून थेट केलं जातं. ती उगीच पडत नसते. शोध असा घ्यावा. गोठ्यातल्या सगळ्या एमसीबी पाडा आणि सगळे प्लग काढा, मग आरसीसीबी उचला. तरी पडली तर दोष केबलमध्ये किंवा बोर्डात आहे. उभी राहिली तर एकेक एमसीबी उचलत जा, जिला ती पडेल त्या सर्किटात गळती. सगळं बंद असूनही ती पडत असेल तर एक जागा आधी बघा: गोठ्यात कुणीतरी न्यूट्रल अर्थला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. साधी एक पोलची एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून तो दोष एमसीबी पाडून सापडत नाही, न्यूट्रलच्या तारा पट्टीवरून एकेक सोडवून पाहाव्या लागतात. नवीन इलेक्ट्रॉनिक मीटरवर ‘अर्थ’ लिहिलेला लहान लाल दिवा असतो, तोही बघावा. गोठ्याची एमसीबी पाडल्यावर तो विझला तर गळती गोठ्याकडेच आहे, आणि तिचे पैसे बिलातही लागत आहेत.

आणि जनावर चिकटलेलं दिसलंच तर आधी घरची मेन बंद. दावं सोडायला, कापायला धावू नये. मेन सापडत नसेल किंवा सर्व्हिस वायरच तुटून पडली असेल तर लांब उभं राहून माणसांना अडवावं आणि १९१२ वर कळवावं.

आपले,
काही परवानाधारक विद्युत कंत्राटदार व तारतंत्री